गुंडाळीवरची अकरा नावं

एलिसाव्हाने गुंडाळीचं मोकळं टोक ओवरीतल्या मेजावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले आणि पिसाची लेखणी शाईत बुडवली. कुठून सुरुवात करायची ते पाहावं म्हणून तिने आधीचा मजकूर वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीत तिचंच नाव होतं. लेखणीची शाई मेजावर ठिपकली तरी तिचा हात हलला नाही.

समोरच्या पायरीवर बसून गाउस्पेर सलगमचं कढण भुरकत होता. आठ महिने तो ही गुंडाळी घेऊन डोंगर तुडवत होता. त्याच्या मठाचे अधिपती आर्नुल्फ मार्चमध्ये वारले तेव्हा ती निघाली. रीत अशी, की गुंडाळी एका मठातून दुसऱ्या मठात जायची. प्रत्येकाने तिच्यावर गेलेल्यासाठी दोन ओळी लिहायच्या, आणि त्याखाली आपल्या घरात त्या वर्षी कोण वारलं त्यांची नावं घालायची, म्हणजे पुढची घरं त्यांच्यासाठीही प्रार्थना करतील. चामडं संपलं की नवा तुकडा शिवायचा. आता ती इतकी जाड झाली होती की गाउस्पेर तिला फडक्यात बांधून पाठीवर घेई. त्याला अक्षर कळत नव्हतं. किती घरं झाली ते तो कमरेच्या दोरीला गाठी मारून लक्षात ठेवायचा.

"दादा," एलिसाव्हा म्हणाली, "इथं यायच्या आधी तुम्ही कुठं होतात?"

"खाली, बिशपांकडं. त्यांचा कारभारी म्हणाला, वर जाऊ नकोस, दरड कोसळलीय, वाट बंद आहे. मी म्हटलं, गाठ मारायची तर पायांनी जाऊन मारायची." त्याने वाडगं तिरपं करून तळ चाटला. "दरड काही दिसली नाही मला."

"त्यांनी काय लिहिलंय ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"वाचता आलं असतं बाई, तर मी असा पायपीट करत कशाला फिरलो असतो?"

एलिसाव्हा उठली आणि मठाच्या आईंना बोलवायला गेली. ओवरीत धावायचं नाही हा नियम ती बारा वर्षांत पहिल्यांदा विसरली.

गिस्ला आई छपरावर होती. हिवाळ्याआधी फरशा बसवायला खालून गवंडी येत असे, या वर्षी तो आला नव्हता, म्हणून तीच शिडी लावून चढली होती. ती चुन्याच्या हातांनीच आली आणि गुंडाळीला हात न लावता, कमरेवर मुठी ठेवून, मोठ्याने वाचू लागली. ऑगस्टातल्या तापाने डोंगरावरच्या सांता कोलोमाच्या मठातल्या सर्व भगिनी देवाघरी गेल्या. त्यांच्या आत्म्यांना शांती लाभो. पुढे नावं होती. गिस्ला. किशिलो. रिकिल्दा. एलिसाव्हा. अशी अकरा. खाली बिशपांचा शिक्का होता, चांगला ठसठशीत उठलेला.

गाउस्पेरने वाडगं खाली ठेवलं. छातीवर क्रूस काढला आणि मग वाडग्याकडे पाहिलं.

"मग हे कढण कुणी केलं?" त्याने विचारलं.

"मी," स्वयंपाकघराच्या दारातून रिकिल्दा म्हणाली. "मीठ नव्हतं, तरी दोन वाडगी प्यायलास."

भांडण कुरणांचं होतं. मठामागची सगळी उतरण, जिथे बर्फ वितळलं की खोऱ्यातली मेंढरं चरायला चढतात, ती दीडशे वर्षं मठाची होती. काउंटला ती हवी होती आणि बिशप काउंटचा सख्खा भाऊ होता, म्हणजे आणखी काही सांगायला नको. वसंतात बिशपांनी जाहीर केलं की वरच्या बायका बेशिस्त झाल्या आहेत, मठ मोडला, सगळ्यांनी खाली यावं. काय बेशिस्त, ते कुणी सांगितलं नाही. जाब द्यायला गेलेल्या गिस्लाकडून मठाचा शिक्का काढून घेतला गेला. ती रिकाम्या हाताने वर आली, तिने दाराला अडसर घातला आणि आर्चबिशपांकडे तक्रार धाडली. येत्या ईस्टरला तिची सुनावणी होती.

त्यानंतर वर पाद्री यायचा थांबला, मीठ यायचं थांबलं, आणि नदीवरच्या पुलावर काउंटची माणसं बसली. मठाचं एकही पत्र पूल ओलांडू शकलं नाही. या बायका जिवंत आहेत हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, दिवसातून सात वेळा त्यांची घंटा ऐकू यायची. पण मेंढपाळांना विचारतं कोण? मेलेल्या बायकांची तक्रार आर्चबिशप ऐकणार नव्हते, आणि मागे कुणीच न उरलेली कुरणं काउंटच्या घशात जाणार होती. गुंडाळीला मात्र कुणी अडवत नाही. पुलावरची माणसंही तिच्यासमोर टोप्या काढतात. बिशपांनी खोटं लिहिलं ते अगदी नेमक्या जागी लिहिलं.

एलिसाव्हाने खरवडायची सुरी काढली. गाउस्पेर इतक्या चपळाईने पायरीवरून उठेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याने आपला पंजा त्या मजकुरावर पालथा ठेवला.

"खरवडायचं नाही," तो म्हणाला. "या गुंडाळीवर एक अक्षर खरवडलेलं नाही. खरवडलं की सगळीच खोटी."

"खोटी आहेच ती."

"ही ओळ खोटी आहे. बाकी साठ घरांची नाही." मग त्याचा आवाज जरा उतरला. "आणि खरवडल्याची खूण तुमच्या नावांवर दिसेल, बाई. कुणी खरवडलं ते विचारावं लागणार नाही कुणाला."

एव्हाना बाकीच्या जणीही हातातलं काम टाकून जमल्या होत्या. ओवरीच्या खांबावर दगडी सिंह एक माणूस गिळतो आहे. तो माणूस कारागिराचा सासरा आहे असं मठात सांगतात. त्या खांबाला टेकून रिकिल्दाने आपलं म्हणणं मांडलं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. आपण मेलोच आहोत, तर गुंडाळी चुलीत घातली आणि या बाबाला तळघरात कोंडला तर आपलं कोण काय वाकडं करणार? गाउस्पेरने तळघरात चीज ठेवतात का, एवढंच विचारलं. दोघी-तिघी हसल्या आणि गिस्लाकडे पाहून गप्प झाल्या.

"आपण खाली लिहू, आम्ही जिवंत आहोत," एलिसाव्हा म्हणाली.

लिहा, गाउस्पेर म्हणाला, लिहायला त्याची ना नव्हती. पण वर शिक्का आहे आणि खाली नसेल. पुढच्या घरचे म्हणतील, कुणीतरी मागाहून खरडलं.

"मग तुम्ही सांगा त्यांना," गिस्ला म्हणाली. "तुम्ही पाहिलंय आम्हाला."

गाउस्पेर पुन्हा पायरीवर बसला. हा प्रश्न येणार हे त्याला कळत होतं आणि आपल्या उत्तराची त्याला लाज वाटत होती. गुंडाळी पाठीवर घेताना शपथ घ्यावी लागते, त्याने सांगितलं. एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी न्यायचं नाही. कोण कुणाशी भांडतं, कुणाच्या कोठारात काय आहे, कोण जाड झालं, काही नाही. नाहीतर गुंडाळीवाल्याला कुणी दारात उभं करणार नाही. तोंडाने दोनच गोष्टी सांगायच्या. एक, गुंडाळी कुणाच्या नावाने निघाली. दुसरी, वाटेत आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं मरण.

"जिवंत माणसाबद्दल बोलायची मला मुभा नाही, आई," तो म्हणाला. "मोडली असती शपथ. पण शपथ मोडणाऱ्याचं ऐकणार कोण?"

तेवढ्यात ओवरीच्या टोकाच्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला.

ती खोली आजाऱ्यांची. तिच्या दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात, किशिलो मावशीची खाट होती. मावशी बाराव्या वर्षी मठात आली तेव्हा आताच्या चर्चवर अजून छप्पर चढायचं होतं. कमानी बांधताना तिने चुन्याच्या पाट्या वाहिल्या होत्या आणि कुठला दगड कुणी तिरका बसवला ते ती अजून सांगू शके. आता ती ऐंशीची होती. पाय गेले होते, दृष्टी गेली होती, कान मात्र शाबूत होते. ऑगस्टापासून ती मरणाच्या दारात होती आणि दारातच बसून होती, कारण तिला पाद्री हवा होता. पापांची कबुली दिल्याशिवाय आणि कपाळाला तेल लागल्याशिवाय जायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. नरकाला ती लहानपणापासून फार घाबरायची.

"त्या माणसाला इकडं आणा," ती म्हणाली.

गाउस्पेर दाराशी जाऊन उकिडवा बसला.

"पाहिलेलं मरण सांगता येतं म्हणालास."

"हो, आज्जी."

"काय काय सांगता येतं?"

"कोण गेलं, कुठल्या घरात, कुठल्या दिवशी." त्याने जरा आठवलं. "आणि खांदा कुणी दिला. खांदेकऱ्यांची नावं घ्यावीच लागतात, नाहीतर ते मरण धरत नाहीत."

मावशीने मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "झालं तर मग."

तिला काय म्हणायचंय ते गिस्लाला सगळ्यांच्या आधी कळलं. ती दारात आली आणि तिने गाउस्पेरला बाजूला सारलं.

"नाही," ती म्हणाली. "मावशी, नाही. बर्फ वितळलं की पाद्री येईल. मी स्वतः जाऊन आणीन. तू थांबणार आहेस."

"थांबले की. ऑगस्टापासून थांबलेय. कोण आलं? हा आला."

"तेलाशिवाय जायचं नाही, हे तूच म्हणायचीस."

"म्हणायचे. भीती वाटायची." मावशीने चादरीची कड मुठीत धरली. "अजून वाटते. पण बिशपांनी मला मारलंच आहे गं, तेही तेलाशिवाय. त्यांच्या हातचं मरण फुकट जाईल. माझं मी मेले तर कामाला येईल."

"मी तुला आज्ञा करते."

"अडुसष्ट वर्षं आज्ञा पाळल्या, गिस्ला. तुझ्या आधीच्या चौघींच्या पाळल्या. त्यातली एक तर वेडीच होती. ही एवढी राहू दे."

गिस्ला तिथून निघून गेली. ती रागावली होती, आणि राग नेमका कुणाचा हे तिला ठरवता येत नव्हतं. पुन्हा शिडी चढून तिने तीन फरशा बसवल्या. त्यातली एक फुटली. मग ती खाली उतरली, हात धुतले, मावशीच्या खोलीत गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं.

कबुली ऐकायचा अधिकार बाईला नसतो. हे गिस्लाला ठाऊक होतं, मावशीलाही ठाऊक होतं. आधी बराच वेळ आतून नुसती कुजबुज येत राहिली. मधेच मावशी हसली. मग गिस्लाही हसली, आणि कितीतरी वेळ तिचं हसू थांबेना. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ती सरळ चर्चमध्ये गेली, वेदीपुढच्या दिव्याच्या तेलात अंगठा बुडवला आणि तो दुसऱ्या हाताने झाकून घेऊन परत आली.

"आई, हे बिशपांना कळलं तर?" एलिसाव्हाने हळूच विचारलं.

"मी ऑगस्टात वारले," गिस्ला म्हणाली. "मला काय करणार आहेत ते?"

सकाळी किशिलो मावशी जिवंत होती.

जिवंत होतीच, वर तिने कोमट दूध मागून घेतलं. गिस्लाने ते पाजलं, आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. मावशी मात्र ओशाळली होती. रात्रभर डोळे मिटून पडले, ती म्हणाली, पण सवय नाही ना.

गाउस्पेरला खरं तर उजाडताच निघायला हवं होतं. त्याचा बेत साधा होता. मठाच्या वरची खिंड ओलांडायची, पलीकडची तीन घरं करायची, की नाताळाला आपल्या घरी. खालच्या वाटेवरची, नदीच्या काठाकाठाने आर्चबिशपांच्या दारापर्यंतची बारा घरं ईस्टरनंतर करायची ठरली होती. खिंडीवर करडा ढग येऊन बसला होता आणि असा ढग बसला की दुसऱ्या दिवशी खिंड बंद होते. तो गुंडाळी फडक्यात बांधून दाराशी आला, दगडावर टेकला, पायातली चप्पल काढली आणि वादी शिवायला घेतली.

एलिसाव्हा पाण्याची घागर घेऊन गेली तेव्हा तो शिवत होता. परत आली तेव्हा त्याने टाके उसवले होते आणि तीच वादी पुन्हा शिवत होता. वादी नवी कोरी होती.

"कसली चप्पल आहे ती," रिकिल्दा म्हणाली. "एवढ्या वेळात माझं बैलाचं कातडं कमावून झालं असतं."

"लांब चालायचंय, बाई."

"ढग बघितलास का?"

"बघितला."

आतून मावशीचा आवाज आला. तो गेला का, ती विचारत होती. नाही, चप्पल शिवतोय, असं तिला सांगितलं गेलं. कुठल्या चांभाराच्या हातात गुंडाळी दिली, ती पुटपुटली. मग तिने काठी आपटून सगळ्यांनाच फैलावर घेतलं. तुम्ही दहा जणी डोळे लावून बसलात तर मला कसं जमायचं? कामं नाहीत का? घंटा कुणी द्यायची? प्रार्थना चुकवताय माझ्या नावाखाली, आणि उद्या बिशप बेशिस्त म्हणाले तर तोंड वर करून काय सांगाल? जा. त्या माणसाला तेवढा इथं बसवा. पाहायचं त्यालाच आहे.

म्हणून मग घंटा झाली आणि दहा जणी चर्चमध्ये गेल्या. जाताना गिस्ला खाटेजवळ वाकली आणि तिने मावशीचं कपाळ हुंगलं. तिथे अजून तेलाचा वास होता. गाउस्पेर आत गेला आणि खाटेशेजारी जमिनीवर बसला. हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना. मावशीनेच चाचपडत त्याचा हात शोधला.

त्या चर्चच्या भिंती चार हात जाड आहेत आणि खिडक्या इतक्या अरुंद की माणसाचं डोकं जाणार नाही. आत दहा जणी गायल्या तरी तीस जणी गाताहेत असं वाटतं. स्तोत्र अर्ध्यावर आलं तेव्हा गाउस्पेर चर्चच्या दारात येऊन उभा राहिला. पुरुषाने उंबरठा ओलांडायचा नसतो, तो त्याने ओलांडला नाही. टोपी त्याच्या हातात होती. गिस्लाने त्याला पाहिलं, एलिसाव्हाने पाहिलं, मग एकेक करून सगळ्यांनी पाहिलं. रिकिल्दाचा आवाज फुटला. गिस्लाने हात उचलून पुढे चालू ठेवायची खूण केली आणि स्वतः वरच्या पट्टीत गाऊ लागली. त्यांनी ते स्तोत्र शेवटपर्यंत म्हटलं. गाउस्पेर टोपी हातात धरून थांबून राहिला.

चर्चच्या पाठीमागे, गोल भिंतीला लागून, मठाच्या कबरी सलग कातळात कोरलेल्या आहेत, डोक्याला गोल खाच, खांद्यांशी रुंद, पायांशी निमुळत्या. मावशीने आपली वीस वर्षांपूर्वीच कोरून घेतली होती आणि तिच्यात साठलेलं पावसाचं पाणी चिमण्या पीत. रिकिल्दाने मोठ्याने रडत ते पाणी उपसलं. मावशीचं वजन फारसं नव्हतं, चौघींनी सहज नेली असती. पण गाउस्पेर ऐकेना. दहाही जणींनी खांदा द्यायचा, आळीपाळीने द्यायचा, आणि प्रत्येकीने खांदा देताना त्याच्याकडे बघून आपलं नाव सांगायचं. प्रत्येक नाव तो पुन्हा म्हणे आणि दोरीला एक गाठ मारी. सगळ्यांत धाकटी बोनाफिया रडताना आपलं नाव नीट सांगू शकेना. त्याने तिला ते तीनदा सांगायला लावलं.

शिळा सरकवून झाल्यावर एलिसाव्हाने पुन्हा मेजावर गुंडाळी पसरली आणि चार गोटे ठेवले.

"बिशपांनी लिहिलंय त्याबद्दल काय लिहू?"

"काही नाही," गिस्ला म्हणाली. "त्यांचं त्यांच्यापाशी. आपण नेहमी लिहितो तसं लिही."

एलिसाव्हाने नेहमीसारखं लिहिलं. आधी मठाधिपती आर्नुल्फ यांच्यासाठी दोन ओळी, मग गुंडाळी आली तो दिवस. मग तिने लिहिलं, की संत मार्तीच्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, डोंगरावरच्या सांता कोलोमाच्या मठात आमची बहीण किशिलो वारली. तिने अडुसष्ट वर्षं हे घर राखलं. तिला पुढील दहा बहिणींनी खांदा दिला. दहा नावं तिने एकाखाली एक लिहिली. गाउस्पेरने लेखणी मुठीत धरून शेजारी आपला क्रूस काढला, तो जरा वाकडा आला.

शेवटी नेहमीचं वाक्य असतं. तिच्यासाठी आणि आमच्यासाठी प्रार्थना करा. एलिसाव्हाने अर्धं वाक्य लिहिलं तेव्हा गिस्लाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तिच्यासाठी प्रार्थना करा," ती सांगू लागली. "उरलेल्या दहा जणींसाठी एवढ्यात नको."

एलिसाव्हाने वर पाहिलं आणि ते तसंच लिहिलं.

गाउस्पेरने सगळं पाठ करून घेतलं. अक्षर नसलं तरी पाठांतर त्याचं पक्कं होतं, दोनदा ऐकून त्याने ते धडाधड म्हणून दाखवलं. रिकिल्दाने फडक्यात चीज आणि काळी भाकरी बांधून दिली. त्याने गुंडाळी पाठीवर घेतली, काठी उचलली, दाराबाहेर पडला आणि डावीकडे, उताराला लागला.

"अरे, खिंड वर आहे," रिकिल्दा ओरडली.

"ठाऊक आहे." तो थांबला, पण वळला नाही. "खिंडीपलीकडं तीनच घरं आहेत. या वाटेनं बारा."

"आणि नाताळ?"

"येतो की दरवर्षी."

गिस्ला दारात आली होती. तिच्या हाताला अजून कबरीच्या शिळेची माती होती. "दादा," ती म्हणाली, "या वाटेवरचं पहिलं घर बिशपांचं आहे. तिथली गाठ तुम्ही मारलीय."

"तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं, आई." त्याने पाठीवरचं ओझं नीट केलं. "रविवारी पोचेन. रविवारी चर्च भरलेलं असतं."

तो उतरू लागला. वाट खाली सात वळणं घेते आणि दुसऱ्या वळणानंतर माणूस दिसत नाही. पण त्या दिवशी वारा खालून वर वाहत होता, आणि तो चालता चालता मोठ्याने उजळणी करत होता. आधी दिवस, मग मठाचं नाव, मग किशिलो, मग दहा नावं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या वाक्याला तो दर वेळी आवाज चढवत होता.